थकलेल्याला थकवा कळत नाही

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. निवासी डॉक्टर म्हणून माझी सलग दुसरी रात्र होती. पहाटे चारच्या सुमारास मी एका रुग्णाच्या केसपेपरवर इंजेक्शन लिहिले. सिस्टरांनी कागद पाहिला आणि हळूच विचारले, ‘‘डॉक्टर, दशांश चिन्ह राहिलंय का?’’ राहिले होते. डोस दहापट गेला असता. त्या क्षणी कोणी विचारले असते, तर ‘मी अगदी ठीक आहे’ असेच मी सांगितले असते.

‘रोगेनिंग’ या खेळाची माहिती वाचताना ही रात्र पुन्हा आठवली. नावात ‘रोग’ असला तरी त्याचा आजाराशी संबंध नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९७६ मध्ये हा खेळ आकाराला आला. रॉड फिलिप्स, गेल डेव्हिस आणि नील फिलिप्स यांच्या नावांची आद्याक्षरे जोडून त्याचे नाव तयार झाले. दोन ते पाच जणांचा संघ, हातात नकाशा आणि होकायंत्र. जीपीएसला बंदी. डोंगररानात ठिकठिकाणी खुणा लावलेल्या असतात आणि प्रत्येक खुणेला ठरावीक गुण. मुख्य स्पर्धा २४ तासांची. तेवढ्या वेळात जास्तीत जास्त गुण मिळवून तळावर परतायचे. तळावर गरम जेवण मिळते, वाटल्यास झोपही काढता येते.

यातला एक नियम मला महत्त्वाचा वाटतो. संघातल्या सगळ्यांनी एकमेकांचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरातच राहायचे. प्रत्येक खुणेपाशी सगळ्यांनी पोहोचायचे. एकाला पुढे जाणे अशक्य झाले, तर सगळ्या संघाने तळावर परतायचे. म्हणजे संघाचा वेग हा सर्वांत थकलेल्या माणसाचा वेग.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने हा नियम अगदी रास्त आहे. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचे तापमान दिवसातले सर्वांत कमी असते आणि सावधपणाही तळाला गेलेला असतो. डोळे उघडे असतानाही मेंदू काही सेकंद झोपून घेतो. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, असे त्यात दिसले. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे.

जागरणाने आधी मंदावते ती निर्णयशक्ती. पाय त्यानंतरही बराच वेळ चालत राहतात. वाट चुकलेला थकला माणूस ‘आपण चुकलो’ हे मान्य करत नाही. समोरचा ओढा नकाशावरचाच आहे, अशी तो स्वतःची समजूत घालतो. आम्ही डॉक्टरही दमल्यावर हेच करतो. निदान आधी ठरवतो आणि लक्षणे त्यात बसवतो.

त्यात थंडीची भर पडते. शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की बोलणे अडखळते, पाय ठेचकाळतात, माणूस गप्प होतो किंवा चिडतो. पुढे कुडकुडणेही थांबते. ते बरे झाल्याचे लक्षण नसून धोक्याची घंटा असते. हे बदल ज्याचे त्याला उमगत नाहीत, शेजारच्याला दिसतात.

आपल्याकडे हा खेळ फारसा परिचित नाही. पण सह्याद्रीतले रात्रीचे ट्रेक आहेत, रात्रभर गाडी चालवून गाव गाठणे आहे, वॉर्डात आजारी माणसाच्या उशाशी काढलेल्या रात्री आहेत. तिथेही हेच शहाणपण कामी येते. रात्री चालणार असाल तर आदल्या रात्री आणि त्या दुपारी पुरेशी झोप घ्या. तासातासाला चिक्की, खजूर, गूळ-शेंगदाणे असे थोडे थोडे खा. पाणी तहानेनुसार प्या. घटाघट नुसतेच पाणी प्यायल्याने रक्तातले सोडियम घसरून भोवळ, उलट्या, क्वचित झटकेही येतात. कोरडा जादा कपडा आणि शिट्टी प्रत्येकाच्या स्वतःच्या पिशवीत हवी.

सोबत्याला ‘बरा आहेस ना?’ एवढेच विचारून थांबू नका. उत्तर ‘हो’ असेच येणार. त्याऐवजी नकाशा त्याच्या हाती द्या आणि ‘आपण आत्ता कुठे आहोत, दाखव’ म्हणा. बोट घुटमळले, की थांबा, बसा, खा, ऊब घ्या. पाच-दहा मिनिटांत तो सावरला नाही, तर सगळ्यांनी मिळून मागे फिरा.

आणि पहाटे चारला सोबत्याने तुम्हालाच ‘आता थांबू या’ म्हटले, तर थांबा. वाद सकाळी घालता येईल.