एक घोट पाणी आणि तीन भाषा
(सर्बियन, जपानी आणि मराठी यांचा तौलनिक विचार)



निवासी शाळेच्या भोजनगृहात एकाच पंगतीला अनेक बोली बसलेल्या असतात. कोणाच्या घरी मराठवाडी वळणाची मराठी, कोणाच्या तांड्यावर गोरबोली, तर कोणाच्या मोहल्ल्यात दखनी उर्दू. हिंगोली जिल्ह्यातील कोणत्याही वसतिगृहात हेच चित्र दिसेल. अशा ठिकाणी एक प्रश्न मुलांच्या मनाला हमखास टोचतो. तो असा की, शुद्ध भाषा कोणाची आणि अशुद्ध कोणाची? या प्रश्नामागे एक जुनी समजूत दडलेली असते. माणसाप्रमाणेच भाषेचेही मोल तिच्या जन्मावरून, तिच्या कुळावरून ठरते, अशी ती समजूत. ती कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी आपल्यापासून फार दूरच्या दोन भाषा घेऊ. एक युरोपातील सर्बियन आणि दुसरी पूर्वेकडील जपानी. त्यांच्या मध्ये आपली मराठी ठेवू आणि तिघींना एकच साधे वाक्य विचारू.

मराठीत आपण म्हणतो, ‘मी पाणी पितो.’ सर्बियन माणूस म्हणेल, ‘या पियेम वोदू.’ जपानी माणूस म्हणेल, ‘वाताशि वा मिझु ओ नोमिमासु.’

प्रथम शब्दांकडे पाहू. सर्बियनमधील ‘पियेम’ आणि आपले ‘पितो’ यांचा धातू एकच आहे. ‘वोदा’ म्हणजे पाणी. पाली व संस्कृतातील ‘उदक’ हा त्याचा सख्खा नातेवाईक होय. जपानीतील ‘मिझु’ आणि ‘नोमु’ यांचा मात्र आपल्या शब्दांशी काहीही संबंध नाही. आता शब्दांचा क्रम पाहू. सर्बियन माणूस ‘मी पितो पाणी’ असे म्हणतो. जपानी माणूस आपल्याप्रमाणेच आधी कर्ता, मग कर्म आणि शेवटी क्रियापद ठेवतो. म्हणजे शब्दांचे नाते एकीशी आणि वाक्याच्या ठेवणीचे नाते दुसरीशी, असा हा चमत्कार आहे. त्याचा उलगडा करणे हाच या लेखाचा हेतू.

सर्बियन ही दक्षिण स्लाव्ह गटातील भाषा असून ती इंडो-युरोपीय भाषाकुलात मोडते. मराठी, पाली व संस्कृत याही त्याच कुलातल्या. १७८६ मध्ये सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमाचा विचार मांडला. त्यानंतरच्या अभ्यासातून या कुलाची कल्पना आकाराला आली. सर्बियन अंक मोजून पाहा : द्वा, त्री, चेतिरी, पेत, देसेत. आपल्या दोन, तीन, चार, पाच, दहा यांची ओळख त्यांत सहज पटते. ‘ब्रात’ म्हणजे भ्राता, ‘मेद’ म्हणजे मध, ‘दिम’ म्हणजे धूर, ‘झिव’ म्हणजे जिवंत. या भाषेत सात विभक्ती आहेत. मराठीप्रमाणेच तिने तीन लिंगेही जपली आहेत. आपण ‘तो, ती, ते’ म्हणतो, तर सर्बियन माणूस ‘ऑन, ओना, ओनो’ म्हणतो. हिंदीने नपुंसकलिंग सोडून दिले. मराठी आणि सर्बियन यांनी ते टिकवले.

या शब्दांत एक शब्द आपल्याला विशेष जवळचा वाटावा असा आहे. सर्बियनमध्ये ‘बुदिती’ म्हणजे जागे करणे आणि ‘बुदान’ म्हणजे जागा असलेला. ‘बुद्ध’ या शब्दाचा मूळ अर्थही जागृत झालेला, असाच आहे. दोन्हींचा धातू एकच. बेलग्रेडमधील आई सकाळी मुलाला उठवते, तेव्हा तिच्या ओठी नकळत तोच प्राचीन धातू असतो.

जपानी भाषेचे कुळ वेगळे. रिउक्यू बेटांवरील भाषा एवढेच तिचे निर्विवाद आप्त. तरीही तिची वाक्यरचना पाहिली की घरी आल्यासारखे वाटते. आपण ‘टोकियोहून’ म्हणतो, तसे जपानी माणूस ‘तोक्यो कारा’ म्हणतो; संबंध दाखवणारा शब्द नामाच्या मागे येतो. सर्बियनमध्ये तो पुढे येतो : ‘इझ बेओग्रादा’, म्हणजे बेलग्रेडहून. आपण ‘खाऊन पाहा’ म्हणतो. येथे ‘पाहणे’ डोळ्यांचे नसून प्रयत्नाचे आहे. जपानीतही ‘ताबेते मिरु’ म्हणजे शब्दशः ‘खाऊन पाहणे’, आणि अर्थही तोच. आपले काळीज ‘धडधड’ करते, त्यांचे ‘दोकिदोकि’ करते.

रक्ताचे नाते नसताना एवढे साम्य कसे? त्यातील काही निव्वळ योगायोग आहे, आणि येथे सावध राहिले पाहिजे. जपानी प्रश्नाच्या शेवटी ‘का’ येतो. ‘इकिमासु का?’ म्हणजे ‘जाता का?’ पण हा ‘का’ आणि आपला ‘का’ यांचा उगम वेगवेगळा आहे. तसेच ‘आला, आली, आले’ आणि सर्बियनमधील ‘दोशाओ, दोश्ला, दोश्लो’ यांतील साम्य पाहून आपण चकित होतो. परंतु भूतकाळाचा हा ‘ल’ दोन्हीकडे स्वतंत्रपणे रूढ झाला, असे मानले जाते. कानाला सारखे वाटले म्हणून नाते सिद्ध होत नाही. ते नियमित ध्वनिबदलांच्या कसोटीवर उतरावे लागते.

वाक्यरचनेतील साम्याला मात्र दुसरेही एक कारण आहे, आणि ते म्हणजे शेजार. १९५६ मध्ये मरे एमेनो या अभ्यासकाने ‘भाषिक क्षेत्र’ म्हणून भारताचा विचार मांडला. वेगवेगळ्या कुळांतील भाषा शतकानुशतके एकत्र नांदल्या, माणसे दोन-दोन भाषा बोलू लागली आणि भाषांची ठेवण एकमेकींसारखी होत गेली. पुढे १९७६ मध्ये कॉलिन मसिका यांनी दाखवून दिले की, यांतील बरीच वैशिष्ट्ये भारतापुरती थांबत नाहीत. मध्य आशियातून थेट कोरिया-जपानपर्यंत त्यांची साखळी दिसते. आपली मराठी तर आर्य आणि द्राविड भाषांच्या सीमेवरच वाढली. हिंगोलीला लागून नांदेड आहे आणि नांदेडच्या पलीकडे तेलुगू मुलूख सुरू होतो. कित्येक पिढ्या हा सारा प्रदेश हैदराबाद संस्थानात एकत्र होता.

जपानीशी आपला तिसराही एक संबंध आहे. तो रक्ताचा नाही, शेजाराचाही नाही. तो धम्माचा आहे. सहाव्या शतकात बौद्ध धम्म कोरियामार्गे जपानला पोहोचला. ७३६ मध्ये बोधिसेन हे भारतीय भिक्खू तेथे गेले, आणि ७५२ मध्ये नारा येथील तोदाइजी विहारातील महाबुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलनविधी त्यांच्या हस्ते झाला. ८०४ मध्ये कूकाइ हे जपानी भिक्खू चीनला गेले आणि परतताना सिद्धम् या भारतीय लिपीतील ग्रंथ घेऊन आले. या लिपीच्या अभ्यासाचा ठसा जपानी वर्णमालेवर उमटला. जपानी मूल आजही ‘अ, इ, उ, ए, ओ’ या क्रमाने स्वर शिकते आणि ‘क, स, त, न, ह, म, य, र, व’ या क्रमाने ओळी म्हणते. यातील ‘ह’चा उच्चार प्राचीन काळी ‘प’ होता. तो तसा वाचून पाहा, म्हणजे आपल्या बाराखडीचाच क्रम स्पष्ट दिसेल.

शब्दही गेले. पाली ‘झान’, संस्कृत ‘ध्यान’ यांचे चीनमार्गे ‘झेन’ झाले. स्तूपाचे ‘सोतोबा’, निर्वाणाचे ‘नेहान’, भिक्षूचे ‘बिकु’ आणि बोधीचे ‘बोदाइ’ झाले. ‘दान’ या शब्दापासून आलेला ‘दान्ना’ तर पुढे घरधनी, नवरा या अर्थाने रोजच्या बोलण्यात रुळला. कूकाइ यांनी स्थापलेल्या कोयासान येथील विद्यापीठात २०१५ मध्ये परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. बाराशे वर्षांपूर्वी जेथे आपली अक्षरे पोहोचली, तेथे आता आपला उद्धारकर्ताही पोहोचला आहे.

आता ‘बुध’ हा धातू पुन्हा आठवा. सर्बियनला तो जन्माने मिळाला, जपानीला तो भिक्खूंच्या पायी प्रवासातून मिळाला. त्याचे मोल कोठे अधिक झाले? जिला तो वारशाने मिळाला, तिच्यात तो सकाळी उठण्यापुरता राहिला. जिने तो प्रयत्नाने मिळवला, तिच्यात तो एका संस्कृतीचा पाया झाला. भाषाशास्त्रात ‘कुल’ हा शब्द आहे. पण त्या कुळात उच्च-नीच नाही, आणि कुळ सांगितले म्हणजे भाषा सांगून झाली असेही नाही. भाषा जन्माने जेवढी घडते, तेवढीच सहवासाने आणि अभ्यासाने घडते. म्हणून ‘काहून’ म्हणणारा मुलगा अशुद्ध बोलत नाही. तो आपल्या मुलखाचा इतिहास बोलत असतो. प्रमाण मराठी शिकावी ती आपल्या बोलीची लाज वाटून नव्हे, तर आणखी एक घर जोडण्यासाठी. आणि जपानी शिकायची झाली, तर तिच्या दोन हजारांहून अधिक चित्राक्षरांचे कष्ट करावे लागतील. पण वाक्याची वाट तुमच्या पायाखालचीच आहे.

शेवटी एका लहानशा शब्दाकडे लक्ष वेधतो. सर्बियनमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांसाठी एकच ‘मी’ आहे. जपानी ‘वाताशिताचि’ही हा भेद करत नाही. मराठीत मात्र ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. तेलुगूतही ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असाच भेद आहे, आणि मराठीने तो द्राविड शेजाराकडून उचलला, असे अभ्यासक मानतात. समोरच्याला आपल्यात घेणारा हा शब्द आपल्याला कुळाने दिलेला नाही. तो शेजाऱ्यांनी दिला आहे. भोजनगृहाच्या पंगतीत तोच शब्द आपण वापरू या.