खिडकीमागचा लांब कागद

आमच्या सोसायटीच्या सभासदांसाठी मी पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक ओळीत नाव, फ्लॅट क्रमांक आणि देखभालीचे पैसे भरले की टिचकी मारायची चौकट. वीस नावांपर्यंत सगळं ठीक होतं. साठ नावं भरली आणि खालची नावं दिसेनाशी झाली. ती पुसली गेली नव्हती. पडद्याच्या कडेखाली ती आपापल्या जागी होती, फक्त तिथवर जायला वाट नव्हती.

पायथॉनसोबत येणाऱ्या टीकेइंटर या साधनसंचात मजकुराचा चौकोन किंवा साधी यादी सहज सरकते. पण बटणं, चौकटी ज्यात मांडतो ती फ्रेम सरकतच नाही. मग एक कॅनव्हास घ्यायचा, फ्रेम त्याच्यात बसवायची, शेजारी स्क्रोलबार उभा करायचा आणि कॅनव्हासला सांगायचं की आतला मजकूर एवढा उंच आहे. नेमकी ही शेवटची पायरी विसरली जाते. नवी ओळ जोडली की उंची बदलते, म्हणून ती दरवेळी नव्याने कळवावी लागते. नाही कळवली तर नवी नावं पुन्हा कडेखालीच राहतात.

सरकणं म्हणजे मुळात एक वजाबाकी. एक ओळ 30 पिक्सेल उंच धरली तर साठ नावांचा कागद 1800 पिक्सेलचा होतो, आणि माझी खिडकी 600 पिक्सेलची. एक्केचाळिसावं नाव कागदावर 1200 पिक्सेलवर सुरू होतं. कागद 1000 पिक्सेल वर सरकवला की ते खिडकीत 200 वर दिसतं. पण प्रत्येक खेपेला सगळं चित्र नव्याने काढायचं तर जुन्या यंत्रांची दमछाक व्हायची. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत 1973 मध्ये ऑल्टो हा संगणक तयार झाला. त्याच्यासाठी डॅन इंगल्स यांनी 1975 च्या सुमारास बिटब्लिट ही क्रिया रचली. पडद्यावरचा ठिपक्यांचा चौकोन उचलून दुसरीकडे ठेवायचा, एवढंच तिचं काम. त्यामुळे आधी काढलेलं चित्र जसंच्या तसं वर सरकवता येतं, आणि खाली नव्याने उघडी पडलेली पट्टीच तेवढी रंगवावी लागते. या क्षेत्रातल्या सर्वांत सुंदर कल्पनांमध्ये मी तिची गणना करतो.

स्क्रोलबारचा ठोकळाही हिशेबानेच बनतो. खिडकीत कागदाचा तिसरा हिस्सा मावतो, म्हणून ठोकळाही पट्टीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, म्हणजे 200 पिक्सेलचा. 1984 च्या मॅकिंटॉशवर तो कायम एकाच मापाचा चौकोन होता. कागद केवढा आहे हे त्यावरून कळत नसे. विंडोज 95 ने मापाप्रमाणे बदलणारा ठोकळा घरोघरी नेला.

नावं साठच्या जागी सहा हजार झाली तर? हिशेबाने ठोकळा जेमतेम 2 पिक्सेलचा होईल, माउसने पकडताच येणार नाही. म्हणून त्याला किमान लांबी द्यावी लागते. ती 20 पिक्सेल धरली तर ठोकळा एक पिक्सेल हलताच दहा ओळी सरकतात. शिवाय लिनक्सवरच्या एक्स-11 व्यवस्थेत खिडकीची मापं 16 बिटांत मोजली जातात. 32,767 पिक्सेलच्या पुढे, म्हणजे माझ्या यादीत सुमारे 1092 ओळींनंतर, चित्र बिघडतं. अशा वेळी दिसणाऱ्या वीस ओळीच तयार ठेवायच्या आणि सरकताना त्यांच्यातला मजकूर बदलत राहायचा, हाच खरा उपाय.

2011 च्या मॅक ओएस एक्स लायनपासून, ट्रॅकपॅड वापरणाऱ्याला स्क्रोलबार सरकवतानाच दिसू लागला, एरवी तो लपतो. फोनवर ते चालतं. पण रोज याद्या तपासणाऱ्या माणसाच्या टेबलावरून तो लपवणं मला अन्यायाचं वाटतं. खाली अजून काही आहे, हे त्याला कळायचं कसं?

दुरुस्त केलेला प्रोग्राम मी आमच्या सचिव काकूंना दाखवला. संगणकाला त्या क्वचितच हात लावतात. त्यांनी कडेच्या पट्टीकडे पाहिलं आणि विचारलं, “अजून दोन हिस्से खाली आहेत ना रे?”