टोळखाऊ ससाण्याचा धडा

एखाद्या पक्ष्याचे घर कोणते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जेथे तो घरटे बांधतो ते, की जेथे तो हिवाळा काढतो ते? ‘स्वेन्सनचा ससाणा’ या अमेरिकेतील शिकारी पक्ष्याच्या बाबतीत या प्रश्नाचा विचार उशिरा झाला आणि त्याची किंमत हजारो पक्ष्यांना प्राणांनी मोजावी लागली.

कॅनडाच्या गवताळ प्रदेशापासून उत्तर मेक्सिकोपर्यंतच्या माळरानांवर हा ससाणा वसंतात येतो. एखाद्या एकट्या झाडावर काटक्यांचे घरटे होते, मादी बहुधा दोन-तीन अंडी घालते आणि सुमारे पाच आठवड्यांनी पिले बाहेर येतात. त्यांच्यासाठी नर-मादी उंदीर आणि बिळात राहणाऱ्या खारी मारून आणतात. विणीचा हंगाम संपला की मात्र आहार पालटतो. पक्षी मुख्यतः टोळ-नाकतोड्यांवर जगू लागतात. पुढे शरद ऋतूत थवेच्या थवे दक्षिणेची वाट धरतात. समुद्र टाळून, तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर तरंगत, मेक्सिकोतील व्हेराक्रूझ आणि पनामाची चिंचोळी पट्टी ओलांडून सुमारे दहा हजार किलोमीटरवरील अर्जेंटिनाच्या पॅम्पास मैदानात ते पोचतात. तेथे तेव्हा उन्हाळा असतो. तेथील लोकांनी त्याला दिलेल्या नावाचा अर्थच मुळी ‘टोळखाऊ ससाणा’ असा आहे.

हे पक्षी पॅम्पासमध्ये नेमके कोठे उतरतात, हे बराच काळ नीट ज्ञात नव्हते. कॅलिफोर्नियाच्या बट व्हॅलीत अभ्यास करणाऱ्या ब्रायन वुडब्रिज यांनी काही ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी छोटी यंत्रे बसविली आणि त्या संदेशांचा माग काढीत १९९५ च्या प्रारंभी ते अर्जेंटिनात पोचले. ज्या निलगिरीच्या झाडांवर थवे रात्री विसावत, त्यांच्याखाली शेकडो ससाणे मरून पडलेले त्यांना दिसले. पुढील हंगामात पाच हजारांवर मृत पक्ष्यांची नोंद झाली. एकूण बळी वीस हजारांच्या घरात असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज होता.

कारण होते मोनोक्रोटोफॉस. टोळांच्या नाशासाठी शेतकरी ते फवारीत आणि टोळ टिपण्यासाठी ससाणे त्याच शेतात उतरत. काहींच्या अंगावरच फवारा पडे, काही विषारी किडे खाऊन मरत. टोळांचा फुकट बंदोबस्त करणारा शेतकऱ्याचा मित्रच असा टोळांबरोबर मारला जात होता.

स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणासाठी अमेरिकेने १९१६ साली कॅनडासाठी ब्रिटनशी आणि १९३६ साली मेक्सिकोशी करार केले होते. परंतु अर्जेंटिना त्यांच्या कक्षेत नव्हता. घरट्याला कायद्याचे कवच आणि हिवाळी मुक्कामाला काहीच नाही, अशी ही स्थिती होती. तरीही पुरावा समोर येताच अर्जेंटिनाचे अधिकारी, शेतकरी, शास्त्रज्ञ आणि प्रमुख उत्पादक कंपनी एकत्र आली. १९९६ पासून त्या भागातील वापर थांबविण्याची पावले पडली आणि लगतच्या हंगामात मृत्यूंचे प्रमाण नगण्य झाले. ज्ञान आणि इच्छा यांची गाठ पडली की काय होऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

परंतु पॅम्पासमधून मागे घेतलेले ते विष जगातून नाहीसे झाले नव्हते. भारतात २००५ साली भाजीपाल्यावर त्याच्या वापरास मनाई झाली, तरी इतर पिकांसाठी ते विकले जात राहिले. २०१३ साली बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेतील मध्यान्ह भोजनातून २३ बालके दगावली, ती याच विषाने. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले, तेव्हा पुढे आलेल्या कीटकनाशकांच्या नावांत मोनोक्रोटोफॉसही होते. केंद्र सरकारचा त्याच्या ३६ टक्के द्रावणावरील बंदीचा आदेश निघाला तो २०२३ साली. तोवर पॅम्पासमधील त्या इशाऱ्याला पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता.

ससाण्यांना वाचविण्यासाठी जी तत्परता दाखविली गेली, ती माणसांच्या वाट्याला इतक्या उशिरा का यावी? पक्ष्यांचा मृत्यू हा पुष्कळदा माणसांसाठी आगाऊ दिलेला इशारा असतो. तो दुसऱ्या खंडातून आला म्हणून आपल्यासाठी नव्हे, असे मानणे हीच खरी चूक होय.