काळ्या पाषाणाखाली

उन्हाळा लागला की हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात बोअरच्या गाड्या दिसू लागतात. कित्येक गाड्या थेट तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या. पाणाड्यानं हातावर नारळ उभा करून जागा दाखवलेली असते. गाडीवाला केसिंग उतरवतो, कॉम्प्रेसर गरजतो आणि भोकातून करडी भुकटी उडायला लागते. मध्येच ती तांबडी होते. एका लाव्हाथरानंतर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात तयार झालेली आणि वरच्या लाव्हानं भाजलेली ही माती. पण तिच्याकडे बघायला वेळ कोणाला? मुरूम संपला, काळा पाषाण लागला, मांजऱ्या लागला, पाणी किती इंच, एवढाच हिशेब. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यानं खोल विहिरींवर 60 मीटरची मर्यादा घातली आहे. ती सगळे पाळतात असं नाही, पण ती मोडूनही बोअर पाषाणाच्या तळाला जात नाही.

याच जमिनीची केंद्राच्या दफ्तरी ‘दख्खन सिनेक्लाइज’ म्हणून नोंद आहे. देशात तेल-वायूच्या दृष्टीनं 26 गाळाची खोरी मोजली जातात, त्यांतलं हे एक: सुमारे 2,37,500 चौरस किलोमीटरचं आणि तिसऱ्या वर्गातलं. पहिल्या वर्गात मुंबई हाय ज्यात आहे तशी उत्पादन देणारी खोरी, दुसऱ्यात साठा सापडला पण उत्पादन नाही अशी. तिसऱ्यात नुसती शक्यता.

शक्यता हवेतली नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला तेव्हा खाली जमीन होतीच. तिच्यावर कुठे डोंगर होते, कुठे गाळानं भरलेल्या दऱ्या. पूर्वेला वणी, घुग्घुस, चंद्रपूर इथे कोळसा देणारे गोंडवानाचे थर उघड्यावर आहेत आणि त्यांचं वायव्य टोक ट्रॅपखाली, म्हणजे या लाव्हाच्या पाषाणाखाली, शिरतं. गुजरातेत राजकोटजवळ लोधिका इथे ओएनजीसीनं ट्रॅप भेदला तेव्हा खाली मध्यजीव काळातला गाळाचा खडक निघाला.

मग वरूनच का पाहत नाहीत? कारण हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, फसवा. तेल शोधण्याची नेहमीची रीत म्हणजे कृत्रिम धक्का देऊन परतणाऱ्या लहरी ऐकायच्या. एकावर एक रचलेल्या लाव्हाथरांत त्या लहरी इतक्या विखुरतात की खालचा गाळ त्यांत हरवतो. विद्युत-चुंबकीय मापनं बरी चालतात, पण त्यांतून मिळतो तो अंदाज. अंदाजाची खातरजमा होते ती भोकानंच.

हे भोक सेनगावच्या बोअरसारखं नसतं. तिथे हातोडा खडकाचा चुरा करतो. इथे खडक शाबूत वर आणायचा असतो. पोकळ नळीच्या तोंडाशी हिरे बसवलेली बिट गरगरत कडेकडेनं कापत जाते आणि मधला दांडा आतल्या नळीत सरकतो. नळी भरली की तारेनं तेवढीच वर ओढतात. बाहेरचे रॉड जागेवरच राहतात. वर आलेला कोअर धुऊन खाचांच्या पेटीत क्रमानं मांडतात, प्रत्येक फेरीच्या शेवटी खोली लिहिलेला ठोकळा ठेवतात. दहा सेंटीमीटरहून लांब तुकडे वेगळे मोजतात, कारण त्यावरून खडक किती तडकलेला आहे ते कळतं. दोन ठोकळ्यांमध्ये कोअर कमी भरला तर तीही नोंद. मऊ थर नेमके असेच निसटतात, म्हणून मुरलेला ड्रिलर आवाज आणि पाण्याचा रंग बदलताच दाब कमी करतो. 1972 साली स्थापन झालेल्या नागपूरच्या एमईसीएल या खनिज शोधणाऱ्या सरकारी कंपनीनं याच रीतीनं विदर्भातल्या कोळशाची मापं काढली.

मराठवाड्यात ट्रॅपचा तळ दिसला तो मात्र कोळशामुळे किंवा तेलामुळे नव्हे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरली. त्यानंतर तिथे 617 मीटर खोल भोक घेतलं गेलं. 338 मीटर बेसाल्ट, त्याखाली अवघा आठ मीटर गाळ आणि मग शेवटपर्यंत पायाचा स्फटिकी खडक. कोयनेचा प्रकार तसाच. तिथल्या रासाटीच्या 1,522 मीटर भोकात बेसाल्ट 932.5 मीटर भरला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस. गाळाचं नावही नाही. पुढे 2017 साली त्याच भागात गोठण्याचं भोक तीन किलोमीटरपर्यंत गेलं, तेही भूकंपाच्या अभ्यासासाठीच. हे काम कराडजवळ हजारमाचीच्या प्रयोगशाळेनं चालवलं. पाषाणाखालची आपली सर्वांत भरवशाची माहिती अशी धरणीकंपाच्या खात्यातून आलेली आहे.

तेलवाल्यांना हे आकडे उत्साह देणारे नाहीत. तरी दोन ठिकाणांवरून अख्ख्या खोऱ्यावर फुली मारणं घाईचं होईल. गोंडवानाचा गाळ खचलेल्या अरुंद पट्ट्यांत टिकतो. पट्टा चुकला की भोक पाच-दहा किलोमीटरवरही कोरडं जातं. मात्र चंद्रपूरकडच्या पट्ट्याचा रोख अमरावतीकडे आहे, सेनगावकडे नाही. त्यामुळे तेलासाठी रिग उभी करायची तर पहिला मान या तालुक्याला मिळणं कठीण. हिंगोली जिल्ह्याला 21 मार्च आणि 10 जुलै 2024 रोजी 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. पुढेमागे इथे पाषाणाचा तळ गाठायचं कोणी मनावर घेतलंच, तर कारण हेच असण्याचा संभव अधिक.