बोलण्याची किंमत मोजणारे कलावंत

नटानं नटकाम करावं, समाजाच्या भानगडीत पडू नये, असं सांगणाऱ्या जाणत्यांशी माझं जुनं भांडण आहे. त्यांना सत्यशोधकी जलसे आठवत नाहीत. तमाशाचाच गण, बतावणी आणि वग घेऊन जलसेकरी सावकारी नि भिक्षुकशाहीवर भर गावात बोलले. आंबेडकरी जलशांनी ती वाट वस्त्यावस्त्यांत नेली. 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊ, अमर शेखांच्या डफावर मैदानं भरली. हे लोक बोलले म्हणून नावाजले. आधी नाव कमावून मग सवडीनं बोलायला निघाले नव्हते.

मधल्या काळात ताऱ्यांचे मदतनिधी आणि मिरवणुका पुष्कळ झाल्या. त्यांच्यावर शाई खर्च करण्याजोगं थोडंच आहे.

माझा जीव अडकला तो निळूभाऊ फुले आणि डॉ. श्रीराम लागू यांच्यात. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले निळूभाऊ पडद्यावर दिसले की बायाबापड्या शिव्या घालायच्या. तोच माणूस अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावरून बोलू लागला की सभा कान देऊन ऐकायची. लागूंनी तर देवाची कल्पनाच निवृत्त करा म्हणून जाहीर सांगितलं. तिकीट काढून येणारा प्रेक्षक बहुतेक देव मानणारा, आणि त्याचाच रोष लागूंनी ओढवून घेतला. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागू, निळूभाऊ, सदाशिव अमरापूरकर यांच्यासारखे कलावंत अत्र्यांचं ‘लग्नाची बेडी’ घेऊन महाराष्ट्रभर फिरले. त्या निधीतून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागलं. यांनी नुसता चेहरा दिला नाही, आपली कला राबवली.

आता आपल्या मराठवाड्याकडे. 2015 च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी गेले, मदत दिली आणि त्यातूनच ‘नाम’ फाउंडेशन उभं राहिलं. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात आमिर खानच्या पानी फाउंडेशननं वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेसाठी राज्यातले पहिले तीन तालुके निवडले. त्यात वरुड आणि कोरेगावबरोबर आपल्या केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या शेजारचा अंबाजोगाई तालुका होता. हे सगळं कॅमेऱ्यासाठी, असं म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की तिथं गावकऱ्यांना आधी शिकवलं गेलं आणि मग लोकांनी स्वतःच्या हातांनी सलग समतल चर खोदले. फेब्रुवारी 2020 मध्ये सयाजी शिंदे यांनी बीडजवळच्या पालवणला वृक्षसंमेलन भरवलं आणि अध्यक्षपद वडाला दिलं.

या सगळ्यांबद्दल मला आदर आहे. तरीही एक बोचतं. पाणी आणि झाड यांना उघड शत्रू नसतो, त्यामुळे त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्याचा एकही प्रयोग बंद पडत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गर्भाशयं काढली जातात, हा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेला. कोयता, उचल, मुकादम, कारखाना, खासगी दवाखाना, सगळं त्यात आलं. त्या बायांसाठी पडद्यावरचे किती चेहरे पुढे आले, हे वाचकांनीच आठवून पाहावं. पुन्हा ऊस पाण्याशिवाय होत नाही. दुष्काळी शिवारात किती ऊस लावायचा, हेही चर खोदून झाल्यावर बोलावंच लागतं.

आज तालुक्याच्या गावी कलावंत येतो तो फीत कापायला. सुपारी ठरते, सेल्फी होतात, गाडी निघून जाते. जत्रेतल्या शाहिराची रात्र डीजेनं गिळली. कलापथक बोलवा म्हटलं की पुढारी आधी विचारतात, तो काय बोलणार?

हाच प्रश्न मी शुभशकुन मानतो. ज्याच्या बोलण्याची धास्ती वाटते, त्यालाच बोलवावं. केज तालुक्यातल्या जत्रा समित्यांना माझी विनंती आहे की यंदा एक रात्र कलापथकाला द्या, विषय ऊसतोड बायांचा ठेवा आणि बिदागी पूर्ण द्या.