चेंबरचे पॅकिंग

नागपूरहून कोलकात्याकडे जाणारा जुना हमरस्ता आमच्या रायपूर शहराच्या मधोमध जातो. येथे लहानथोर सारे त्याला जी. ई. रोड म्हणतात. या रस्त्याने सकाळच्या प्रहरी टाटीबंधच्या बाजूला गेलात, तर रात्रभर विसावा घेतलेले ट्रक निघून गेल्यावर जमिनीवर मागे राहिलेले काळे, गोल डाग तुम्हाला दिसतील. कोणता डाग रुपयाएवढा, कोणता पुरणपोळीएवढा. हे डाग म्हणजे इंजिनातून ठिबकलेले तेल. आज मी या डागांविषयी चार शब्द बोलणार आहे. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नाही. सरकारी नोकरीत फायली वाचणारा, वाङ्मय घेऊन एम. ए. झालेला मनुष्य आहे. पण या एका विषयाचा अभ्यास मला करावा लागला. तो का करावा लागला, हे प्रथम सांगितले पाहिजे.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी ज्या कार्यालयात होतो, तेथे दौऱ्यासाठी एक जुनी डिझेलची जीपगाडी होती. तिच्या इंजिनासाठी दर आठवड्याला एक लिटर ऑइल मागणारी चिठ्ठी माझ्यापुढे येऊ लागली. एका वर्षात चेंबरचे पॅकिंग तीनदा बदलल्याची बिलेही मी मंजूर केली होती. पॅकिंग नवे आहे, तरी ऑइल लागतेच आहे, तेव्हा ते जाते कोठे? माझ्या मनात संशयाने घर केले. फायलीवरची अक्षरे जेवढी ठळक दिसतात, तेवढी माणसे दिसत नाहीत. मी वाहनचालकास लेखी खुलासा मागितला. त्या मजकुराचा सरळ अर्थ ‘तेल तुम्ही विकता’ असा होता. बावीस वर्षे नोकरी झालेल्या त्या गृहस्थाने एकच वाक्य लिहून दिले : “साहेब, तेल मी खात नाही, गाडी खाते; उद्या सकाळी येऊन पाहावे.”

दुसऱ्या दिवशी मी गेलो. त्याने रात्री गाडीखाली वर्तमानपत्राची चार पाने पसरून ठेवली होती. ती ओलीचिंब होती. त्या कागदापुढे मी जो ओशाळलो, त्यातून हा अभ्यास सुरू झाला.

आता मूळ गोष्टीकडे वळू. इंजिनाच्या तळाशी पत्र्याचे किंवा ॲल्युमिनियमचे एक पसरट भांडे असते. पुस्तकात त्याला ऑइल पॅन अथवा संप म्हणतात, आणि आपले मिस्त्री चेंबर म्हणतात. इंजिनाला लागणारे सारे ऑइल या भांड्यात साठते. पंप ते वर ओढून क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांपर्यंत पोहोचवतो आणि काम आटोपून ते पुन्हा खाली निथळते. हे भांडे इंजिनाच्या ठोकळ्याला वीस-पंचवीस बोल्टांनी जोडलेले असते. धातूवर धातू कितीही घट्ट बसवला तरी डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी राहतातच. त्या भरून काढणारी जी मऊ पट्टी मध्ये घालतात, ती गॅस्केट. दुकानात तिलाच पॅकिंग म्हणतात. दोन कठीण वस्तूंमधला सांधा एखाद्या मऊ वस्तूने राखायचा, एवढेच तिचे काम.

एका थेंबाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहू. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब ठिबकला, तर तासाला ३,६०० थेंब, म्हणजे १८० मिलिलिटर. साडेपाच तासांत एक लिटर संपला! लहान मोटारीच्या चेंबरमध्ये एकूण ऑइल तीन-चार लिटरच असते. ते पंपाच्या तोंडाखाली उतरले, की बेअरिंगे कोरडी पडतात आणि इंजिन जागच्या जागी जाम होते. स्वस्तात मिळणाऱ्या बुचाच्या पट्टीपायी हजारोंचे इंजिन जाते.

पण पॅकिंग निवडण्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे : तेल गळते ते खरोखर तेथूनच का? तेल वरून खाली वाहते आणि चालत्या गाडीचा वारा ते मागे ढकलतो. त्यामुळे वरच्या टॅपेट कव्हरमधून, ऑइल फिल्टरच्या बुडातून किंवा पुढच्या टायमिंग कव्हरमधून झिरपलेले तेल चेंबरच्या कडेवर येऊन लोंबते, आणि दोष बिचाऱ्या चेंबरवर येतो. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचे सील गळत असेल, तर इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे जुळतात तेथून थेंब पडतो. तोही पुष्कळदा चेंबरच्याच नावावर मांडला जातो. याला उपाय साधा आहे. इंजिन बाहेरून स्वच्छ धुऊन वाळवावे, कडेवर टाल्कम पावडर शिंपडावी, गाडी थोडी चालवून आणावी आणि बॅटरीच्या उजेडात खालून नव्हे, तर वरून खाली पाहत यावे. सर्वांत उंचावर ओला झालेला जो भाग, तोच उगम. ओढ्याचा उगम शोधायला आपण डोंगराकडे जातो, तसेच हे आहे.

उगम चेंबरच्या कडेशीच ठरला, तर मग निवड. बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात.

पहिला बुचाचा. हे बूच म्हणजे पोर्तुगाल-स्पेनकडील एका ओक वृक्षाची साल. झाड न तोडता ती सुमारे नऊ वर्षांनी एकदा सोलून घेतात. बुचाचा गुण असा, की ते उभे दाबले तरी आडवे पसरत नाही. म्हणून पत्र्याच्या चेंबरला ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्याचा दोष असा, की उन्हाळ्यात ते सुकते, आक्रसते आणि ठिसूळ होते. मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा दिवसांत दुकानाच्या फळीवर पडून राहिलेल्या बुचाच्या पट्टीची भोके बोल्टांशी जुळेनाशी होतात. जुने मिस्त्री ती थोडा वेळ पाण्यात भिजवून पुन्हा मापावर आणतात. युक्ती खरी आहे. परंतु वाकवताच जी पट्टी तडकते, ती परत करावी हे बरे.

दुसरा प्रकार बूच व रबर यांच्या मिश्रणाचा. तो अधिक टिकतो आणि जुन्या गाड्यांना बहुधा हाच उत्तम.

तिसरा साच्यात ओतलेल्या रबराचा. रबर म्हटले की सारे एकच, असे समजू नये. साधे नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते व सैल पडते, म्हणून येथे कृत्रिम रबरच हवे. नायट्रिल जातीचे रबर तेलाला दाद देत नाही, पण १०० ते १२० अंशांपलीकडे ते हळूहळू कडक होत जाते. सिलिकोन २०० अंशांपर्यंत मऊ राहते. चालत्या इंजिनाच्या चेंबरमधले तेल ९० ते १२० अंशांपर्यंत तापते. तेव्हा गाडीला दूरचा प्रवास, घाटाची चढण आणि आमच्याकडचा उन्हाळा सोसायचा असेल, तर थोडे जास्त पैसे घालणे शहाणपणाचे. चांगल्या रबरी पॅकिंगच्या भोकांत धातूची लहान कडी बसवलेली असतात. बोल्ट कितीही आवळला, तरी ही कडी रबर चेपू देत नाहीत.

चौथा प्रकार म्हणजे नळीतून पिळायचे सिलिकोन. आजच्या कित्येक इंजिनांना कापलेली पट्टी मुळी नसतेच, तेथे कारखान्याने हाच लेप योजलेला असतो. तेथे तोच वापरावा, पण सुमारे तीन मिलिमीटरच्या सलग धारेने आणि हात राखून. जास्त लावलेला लेप आत दबतो, तुटतो आणि पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो. बाहेरची गळती थांबावी म्हणून आतला घसा आवळायचा, असा तो प्रकार होतो. रबरी पट्टीवर ‘असू द्या थोडे’ म्हणून लेप फासणेही चूकच. त्याने पट्टी निसरडी होऊन जागची सरकते. पुस्तकात सांगितले असेल त्या कोपऱ्यांवर बिंदूभर लावावा, एवढेच.

या पदार्थांच्या स्वभावाकडे दुर्लक्ष केले की काय होते, याचे एक दारुण उदाहरण जगाने पाहिले आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर प्राणांस मुकले. चौकशीत कारण निघाले ते अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडे. त्या सकाळच्या थंडीने ते कडक झाले होते आणि फट भरून काढण्याइतके लवकर उसळू शकले नाही. तेथे थंडी होती, आमच्याकडे उष्णता आहे, पण धडा एकच : पॅकिंग निवडायचे ते ते ज्या हवामानात राबणार, ते पाहून.

दुकानात जाताना ‘जीपचे पॅकिंग द्या’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. एकाच नावाच्या गाडीत निरनिराळ्या वर्षी निरनिराळी इंजिने बसवलेली असतात. इंजिनाचा नंबर टिपून न्यावा, जुनी पट्टी शक्य तर अखंड काढून सोबत न्यावी आणि नवी तिच्यावर ठेवून भोक न् भोक ताडून पाहावे. फार जुन्या इंजिनांच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून तशी पट्टी कोरडी खरवडू नये, ओली करून काढावी.

आता आमच्या जीपकडे परत येऊ. एका वृद्ध मिस्त्रीने चेंबर उतरवले आणि त्याच्या कडेवर लोखंडी पट्टी आडवी धरून मागे दिवा ठेवला. प्रत्येक बोल्टापाशी पत्रा वर ओढला गेला होता आणि दोन बोल्टांच्या मध्ये प्रकाशाची रेघ दिसत होती. तेल गळते म्हणून बोल्ट आवळले, आवळल्याने पत्रा वाकला, पत्रा वाकल्याने तेल अधिक गळले, असे हे दुष्टचक्र होते. या बोल्टांना फार जोर लागतच नाही. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला सुमारे दहा न्यूटन-मीटर, म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला पाचएक किलोचा भार, पुष्कळ झाला. त्याने लाकडी ठोकळ्यावर ठेवून पत्रा सरळ केला आणि बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत, सारखे आवळले. मग त्याने इंजिनाचा ब्रीदर उघडून दाखवला. तो काजळीने बुजला होता. इंजिनाला श्वास सोडायला वाट नाही, म्हणून आतला दाब तेलाला सांध्यांतून बाहेर ढकलत होता. बदललेली तिन्ही पॅकिंगे सर्वांत कमी दराची होती, आणि तो दर माझ्याच सहीने मंजूर झाला होता. पण पॅकिंग उत्तम असते, तरी वाकलेल्या पत्र्यावर आणि कोंडलेल्या इंजिनावर तेही हरले असते.

काढलेले जुने ऑइल नाल्यात न ओतता त्याने डब्यात भरून ठेवले. तलावांच्या या शहरात ते योग्यच होते.

बूच-रबराचे पॅकिंग बसले, ब्रीदर साफ झाला आणि जमिनीवरचा डाग बंद झाला. ऑइलच्या चिठ्ठ्याही थांबल्या. खुलाशाचा कागद मी लेखी मागे घेतला आणि माझी चूक झाल्याची नोंद त्याच फायलीवर केली. वाहनचालकाने ती वाचली, घडी घालून परत दिली आणि उद्या धमतरीला किती वाजता निघायचे, एवढेच विचारले. पुढे तो सेवानिवृत्त झाला. त्यानंतर गाडीच्या खर्चाची चिठ्ठी समोर आली, की तिच्यावर सही करण्यापूर्वी मी खाली जाऊन गाडीखालची जमीन पाहून येतो.