पानातली साखर कांड्यात कशी उतरते?



साखर शेतात तयार होते, कारखान्यात नाही, हे आपण सभांत पुष्कळदा ऐकतो. शेतात म्हणजे नेमकी कुठे? तर उसाच्या हिरव्या पानात. तिथल्या पेशींतून बाहेर पडून ती शिरांवाटे कांड्यात जाते. ही ने-आण डोळ्यांना दिसत नाही. शास्त्रज्ञांनी ती रंगीत उजेडाच्या साह्याने पाहिली.

एका जातीच्या जेलीफिशमध्ये निळा उजेड पडताच हिरवे चमकणारे प्रथिन असते. शिमोमुरा यांनी ते १९६२ साली वेगळे केले. पुढे २००८ साली या कामाला नोबेल मिळाले. अशी दोन प्रथिने, एक निळसर आणि एक पिवळे, घेऊन मध्ये साखर धरून ठेवणारे तिसरे प्रथिन जोडतात. साखर येऊन बसली की ते वळते आणि दोन्ही रंगांचे प्रमाण बदलते. जणू पेशीत साखरेचा काटाच बसवला!

या काट्याने अमेरिकेतील कार्नेगी संस्थेच्या वुल्फ फ्रॉमर यांच्या गटाने २०१० साली पेशीतून साखर बाहेर सोडणारी दारे शोधली. त्यांना ‘स्वीट’ असे नाव दिले. २०१२ साली मोहरीच्या कुळातील एका लहान रोपात अशी दोन दारे बंद केली, तर साखर पानातच तुंबली आणि रोप खुरटले.

उसावरचे काम याहून जुने. हवाई बेटांवर कॉन्स्टन्स हार्ट यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून १९६० च्या दशकात दाखवले, की पालाश कमी पडले तर पानातून साखर जाण्याचा वेग मंदावतो.

वरचा काटा प्रयोगशाळेतलाच. तो काही आपल्या बांधावर यायचा नाही. पण आपण एवढे करावे :

१) कुरुंदा परिसरातल्या काळ्या रानात पालाश बहुधा बरे असते, पण ऊस ते भरपूर उचलतो. म्हणून अंदाजाने नको, लागणीपूर्वी माती तपासूनच पालाश द्यावे.

२) वैरणीसाठी उभ्या उसाची हिरवी पाने ओरबाडू नयेत. वाळलेले पाचट काढून सरीत पसरावे.

३) मोठ्या बांधणीनंतर युरिया टाकू नये. ऊस हिरवागार दिसतो खरा, पण साखर वाढीतच खर्ची पडते.

एफआरपी उताऱ्याशी बांधलेली आहे, आणि उतारा एकट्याचा नाही, सगळ्यांच्या उसाचा मिळून निघतो. शेजाऱ्याच्या उसात साखर कमी भरली, तर झळ आपल्यालाही बसते.